बाबू गेनूच्या वाटेवरची काळी पिशवी

१२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवीला परदेशी कापडाची लॉरी अडवायला एक गिरणी कामगार रस्त्यात आडवा झाला. लॉरी थांबली नाही. कामगाराचे नाव बाबू गेनू सैद, वय बावीस, गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचे नाव आहे आणि दर बारा डिसेंबरला त्याच्या प्रतिमेला हार चढतो. त्याच मुलखात आज रोज रात्री दुसरी वाहने भरतात. नारायणगावापासून मंचरपर्यंत आणि तिथून पुढे राजगुरुनगरपर्यंत पुणे-नाशिक रस्त्याच्या दोन्ही अंगांनी हॉटेले, ढाबे, मिसळीची दुकाने, मंगल कार्यालये आणि लॉन्स उभी आहेत. त्यांच्या मागच्या दारातून काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर पडतात, टेम्पोत चढतात आणि अंधारात कुठल्या तरी ओढ्याकाठी, गायरानात नाहीतर जुन्या खाणीत रिकाम्या होतात. या गाडीपुढे उभे राहायला अख्ख्या तालुक्यात माणूस नाही.

त्या पिशवीची गाठ कशी बसते, ते मागच्या दाराशी उभे राहून एकदा पाहावे. शेवटचे गिऱ्हाईक उठले की पातेल्यातला उरलेला रस्सा, भात, ताटांतल्या कांद्या-लिंबाच्या फोडी, हाडे, चहाचा चोथा, पाण्याच्या बाटल्या, फुटलेला ग्लास, तोंड पुसलेले कागद हे सगळे एकाच पिशवीत जाते. गाठ मारली की तो कचरा मालकाच्या हिशेबातून आणि मनातून पुसला जातो. आम्ही स्पष्ट म्हणतो, ही गाठ म्हणजे गुन्हा आहे. खरकटे मातीत गेले तर खत होते, बाटली भंगारात गेली तर चार पैसे होतात. दोन्ही एका पिशवीत कोंडले की दोन्हींचे विष होते. मग ती पिशवी उन्हात फुगते, फुटते, कुत्री ती ओढतात, गाई ती चघळतात आणि उरलेल्याला कुणीतरी काडी लावतो. त्या धुराचा वास ज्याने एकदा घेतला आहे त्याला आम्ही वेगळे काही सांगायला नको.

आणि गाठ शेवटी कुणीतरी सोडतोच. कोण सोडतो? ज्याने मारली तो कधीच नाही. ती सोडते कचरा वेचणारी बाई, ती सोडतो घंटागाडीवरचा रोजंदारीचा पोरगा, उघड्या हातांनी, आत काच आहे की हाड हे न दिसता. या देशात घाण करणारा वरचा आणि घाण काढणारा खालचा ही उतरंड हजार वर्षे चालली. काळी पिशवी त्याच उतरंडीची आजची पायरी आहे. तिच्यात अस्पृश्यता भरलेली आहे, कारण तिचा सगळा उपयोगच ‘मला दिसू नये, माझ्या हाताला लागू नये, दुसऱ्याच्या लागला तरी चालेल’ एवढा आहे. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, बाबा आढावांसारखा माणूस तिच्या पाठीशी उभा राहिला, पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. तेव्हापासून या बाया शहराला एकच गोष्ट सांगत आल्या आहेत की ओले आणि सुके वेगळे करून आमच्या हातात द्या. जुन्नर-आंबेगावातल्या हॉटेलांच्या मागे वाकलेल्या बाईच्या पाठीशी कोणती पंचायत आहे?

आमच्या आजोबांच्या काळात लग्नाची पंगत उठली की पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण थेट उकिरड्यावर जात. ‘उकिरडा’ हा शब्द आज शिवीसारखा वापरला जातो, पण तो शेतकऱ्याची ठेव होता. घरातली राख, गोठ्यातले शेण, झाडलोट, खरकटे असे सगळे वर्षभर तिथे मुरायचे आणि उन्हाळ्यात बैलगाड्यांनी रानात जायचे. गावाने खाल्लेले गावाच्या मातीला परत मिळायचे. हे चक्र प्लास्टिकने मोडले. उकिरड्यावर पिशव्या आल्या, नांगराच्या फाळाला पिशव्या अडकू लागल्या, तेव्हा शेतकऱ्याने ते खत रानात टाकणे बंद केले, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. आज तोच शेतकरी शेणखताच्या ट्रॉलीला आणि कोंबडखताला रोख पैसे मोजतो. त्याच्या टोमॅटोच्या वावराला सेंद्रिय पदार्थ हवा आहे. इकडे महामार्गावर रोज शेकडो पातेली खरकटे काळ्या पिशवीत कुजून सडते आहे. ज्या मातीतून ते अन्न निघाले ती माती चार कोसांवर उपाशी आहे. नारायणगावचा टोमॅटो बाजार आणि मंचरची बाजार समिती यांचा रोजचा भाजीपाल्याचा कचरा यात धरला, तर आम्ही काय फेकून देतो आहोत याचा अंदाज कुणालाही यावा.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती बोलायला लोक कचरतात. बिबट्या. जुन्नर वनविभागात, म्हणजे जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत, माणसे मेली आहेत, लेकरे गेली आहेत. संध्याकाळी सातनंतर आई पोराला अंगणात सोडत नाही. बिबट्या उसात वाढला, धरणांच्या पाण्याने ऊस वाढला, हे सगळे खरे. पण उसात लपलेला बिबट्या खातो काय? शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला आणि २०१४ साली तो प्रसिद्ध केला. बिबट्याच्या एकूण आहारात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा निघाला. पाळीव आणि गावठी जनावरे सगळी मिळून ८७ टक्के. मग ती कुत्री कशावर पोसतात? ढाब्यामागच्या फुटक्या पिशवीवर, लॉन्सच्या भिंतीबाहेर पडलेल्या बिर्याणीवर, मटणाच्या दुकानामागच्या आतड्यांवर. बिबट्याला पिंजरा लावा, माणिकडोहच्या निवारण केंद्रात न्या, जे करायचे ते करा. पण जोवर वस्तीच्या कडेला उघडे खरकटे पडते आहे तोवर आपण रोज रात्री त्याला जेवायला बोलावतो आहोत. वनखात्यावर मोर्चा नेणाऱ्या पुढाऱ्यांनी आपल्याच नातेवाइकाच्या मंगल कार्यालयाच्या मागची भिंत आधी पाहून यावी.

आता करायचे काय? झाकणाचे डबे हवेत, ओला कचरा वेगळा हवा, तो रोज उचलला जायला हवा आणि त्याचे खत व्हायला हवे. या साखळीत एक कडी अशी आहे की ती छोटी वाटते आणि तिच्यावाचून बाकी सगळे गळून पडते. ती कडी म्हणजे डब्याच्या आत लावायची पिशवी. घरच्या बादलीला पिशवी लागतच नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. बादली रिकामी करा, विसळा, उपडी घाला. ज्या गृहिणीला पिशवी विकायचा प्रयत्न होईल तिने ती घेऊ नये. पण २४० लिटरच्या चाकांच्या डब्यात हॉटेलचे ओले खरकटे भरले की वजन शंभर किलोच्या आसपास जाते, तेल आणि रस्सा तळाशी साचतो, उन्हाळ्यात दोन तासांत वास सुटतो. तो डबा रोज घासायचा कुणी? पुन्हा तोच पोरगा, पुन्हा त्याचेच हात. तिथे पिशवी लागते आणि ती अशी लागते की खरकट्यासकट, गाठीसकट, न फोडता खताच्या ढिगात टाकता येईल आणि ढिगात तीही खत होईल. अशी जाड, वजन पेलणारी कंपोस्टेबल पिशवी बनते. मक्याचा किंवा बटाट्याचा स्टार्च, पीएलए आणि पीबीएटी नावाची बहुवारिके यांपासून ती बनवतात. तिचा तळ नीट जोडलेला हवा, जाडी डब्याच्या मापाला आणि वजनाला धरून हवी. पातळ हिरवी पिशवी रश्शाच्या वजनाने तळातून फाटते. मग हॉटेलवाला ‘बघा, चालत नाही’ म्हणून पुन्हा काळ्या पिशवीकडे वळतो. ही स्वस्त पातळ पिशवी विकणारा व्यापारी सुधारणेचा वैरी आहे.

त्याहून मोठा वैरी आहे तो ‘बायोडिग्रेडेबल’ असे इंग्रजीत छापून साधे प्लास्टिक विकणारा. अशा पुष्कळ पिशव्यांत एक रसायन मिसळलेले असते, त्याने पिशवीचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, पण प्लास्टिकचे कण प्लास्टिकच राहतात. युरोपीय संघाने २०२१ पासून असल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली आहे. कंपोस्टेबल या शब्दाला मात्र ठाम अर्थ आहे. भारतीय मानक १७०८८ सांगते की खताच्या गरम ढिगाच्या परिस्थितीत, सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, पिशवीतल्या कार्बनचा ९० टक्के भाग १८० दिवसांत जिवाणूंनी खाऊन संपवला पाहिजे. बारा आठवड्यांनंतर दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून अधिक तुकडे उरता कामा नयेत. त्या खतात बी रुजले पाहिजे, जड धातू मर्यादेत असले पाहिजेत. बनवणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र असले पाहिजे आणि पिशवीवर तशी खूण छापलेली असली पाहिजे. दुकानात हे मागा. दुकानदार गडबडला तर पिशवी परत करा. आणि ग्रामपंचायतीला प्रयोगशाळा नसली तरी खताचा ढीग असतो. एक पिशवी त्या ढिगात पुरा, दर आठवड्याला ढीग पालटा, तीन महिन्यांनी चाळून बघा. उरलेले तुकडे ग्रामसभेत टेबलावर मांडा. व्यापाऱ्याचा खरेखोटेपणा सगळ्या गावाला दिसेल.

इथे आम्ही आमच्या बाजूच्या लोकांनाही खडसावून सांगतो. कंपोस्टेबल म्हणजे फेकायची मुभा नव्हे. ही पिशवी घोड नदीत टाकली तर ती नदीत तरंगेल, ओढ्यात टाकली तर ओढा तुंबवेल, गाईने गिळली तर तिच्याही पोटात अडकेल. ती कुजायला उष्णता लागते, ओल लागते, हवा लागते, आणि ही तिन्ही फक्त नीट रचलेल्या, पालटलेल्या ढिगात मिळतात. गांडुळांच्या गारव्याच्या वाफ्यात ती लवकर जिरत नाही. आधी गरम ढीग, मग गांडूळ. बायोगॅसच्या टाकीतही तिचे तसेच होते, ती यंत्राच्या पात्यांना गुंडाळते. म्हणून ज्या गावात खताचा ढीग नाही त्या गावात ही पिशवी आणणे म्हणजे घोडा नसताना खोगीर आणणे. नेत्याच्या हस्ते हिरव्या पिशव्यांचे वाटप होईल, छायाचित्र निघेल आणि आठवड्याने त्याच पिशव्या त्याच गायरानात सापडतील. असल्या समारंभाला आमचा कडवा विरोध राहील. आधी जागा, शेड, ढीग आणि ढीग पालटणाऱ्या माणसांचे नियमित वेतन, मग पिशवी.

कायदा नाही, अशी सबब कुणी सांगू नये. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० आणि तीन महिन्यांची कैद अशी तिची तरतूद. त्याच अधिसूचनेत रोपवाटिका, फळबाग, शेती आणि घनकचरा हाताळणी यांसाठीच्या कंपोस्टेबल पिशव्यांना सूट आहे, अट एवढीच की कशासाठी वापरायची ते पिशवीवर ठळक छापलेले असावे. म्हणजे वाट आखलेली आहे, चालायला पाय हवेत. २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी कचरा व्यवस्थापनाची जबाबदारी ग्रामपंचायतीवरही टाकली. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी शहरांपुरते सांगितले की परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसांचा कार्यक्रम करायचा तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवा, कचरा वेगळा करून द्या. शहरातल्या शंभर माणसांच्या कार्यक्रमाला २०१६ साली हा नियम झाला, आणि आपल्याकडे हजार पानांची लग्ने उठतात, एका दुपारी शंभर किलोहून जास्त खरकटे सहज निघते, त्याला विचारणारा कुणी नाही! ग्रामसभेने ठराव करून हाच नियम आपल्या गावाला लावायला काय हरकत आहे?

पैसा नाही, हीसुद्धा सबब नव्हे. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतले साठ टक्के बांधील होते, त्यातले निम्मे स्वच्छतेसाठी. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये ठरले, शिवाय तालुक्याला प्लास्टिक कचऱ्याच्या एका केंद्रासाठी १६ लाखांपर्यंत. एवढ्यात राजवाडे बांधता येत नाहीत, पण चार-पाच गावे एकत्र आली तर एक पक्की शेड, एक चाळणी आणि दोन माणसे नक्की उभी राहतात. महाळुंगे पडवळ, कळंब, साकोरे यांनी एकत्र यायला कोणाची परवानगी लागते? हा निधी कशावर गेला, असे सरपंचांना आणि ग्रामसेवकांना विचारणे हा द्वेष नव्हे. ते प्रत्येक मतदाराचे काम आहे.

आणि पिशवीची किंमत? ती साध्या पिशवीपेक्षा कितीतरी महाग आहे, हे आम्ही लपवत नाही. ती कुणी द्यायची, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर सरळ आहे: ज्याने खरकटे केले त्याने. शेतमजुराच्या घरपट्टीतून हॉटेलमालकाचा कचरा उचलायचा, हा न्याय नव्हे. पाच लाखांचे लॉन्स भाड्याने घेणाऱ्या वरपित्याला फुलांच्या कमानीला पैसे आहेत, डीजेला आहेत, ड्रोनच्या चित्रीकरणाला आहेत. मग आपल्या पाहुण्यांनी टाकलेल्या अन्नाच्या पिशवीला का नसावेत? मंगल कार्यालयांनी भाड्याच्या पावतीत ही रक्कम वेगळी दाखवावी. ग्रामपंचायतीने पिशव्या घाऊक घेऊन शिक्का मारून हॉटेलांना विकाव्यात आणि शिक्क्याची पिशवी नसेल तर ओला कचरा उचलू नये. घाऊक घेतल्या तर किंमत उतरते. फार साठवू मात्र नयेत, कारण या पिशव्या उन्हात आणि दमट खोलीत काही महिन्यांतच कमकुवत होतात. थोड्या घ्याव्यात, सावलीत ठेवाव्यात, आधी आलेल्या आधी वापराव्यात.

हे परदेशात चालते, इथे नाही, असे म्हणणाऱ्याला आम्ही इटलीतले मिलान दाखवतो. तिथे २०१२ ते २०१४ या दोन वर्षांत चौदा लाखांच्या शहरात घरोघरचे खरकटे कंपोस्टेबल पिशवीतून वेगळे गोळा व्हायला लागले. त्याआधीच, २०११ पासून, इटलीने दुकानातल्या साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली होती, त्यामुळे बाजारातून भाजी आणलेली पिशवीच घरी खरकट्याला वापरता येऊ लागली. त्या लोकांच्या अंगात काही वेगळे रक्त नाही. त्यांनी नियम केला, तो पाळला आणि न पाळणाऱ्याला दंड केला. आणि आपल्याला तर परदेशाकडे पाहायचीही गरज नाही. शेजारच्या पारनेरात सेनापती बापटांनी हाती झाडू घेऊन गावचे रस्ते झाडले, लोकांचे शौचकूप साफ केले. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा याच जिल्ह्यातल्या गावांनी पहाटे उठून गटारे उपसली होती. ती माणसे अजून जिवंत आहेत. त्यांना घराबाहेर काढा, त्यांच्या हातात ढिगाची देखरेख द्या.

दोन शब्द हॉटेलवाल्या बंधूंना. तुम्ही बहुतेक याच मातीतले आहात. कुणी कांदा विकून, कुणी जमीन विकून हा धंदा उभा केलात. तुमच्यावर आमचा राग नाही, तुमच्या मागच्या दारावर आहे. आजपासून तीन डबे ठेवा: खरकट्याला एक, कागद-बाटल्यांना एक, काच आणि धोकादायक वस्तूंना एक. वाढप्याला ताट उचलताना दोन सेकंद लागतील, तेवढे त्याला द्या. संघटना करा आणि एकत्र मागणी नोंदवा, म्हणजे चांगली जाड पिशवी चांगल्या भावात मिळेल. आणि तुमच्या खरकट्याचे खत ज्या शेतकऱ्याच्या वावरात जाईल त्याच्याकडूनच कोथिंबीर घ्या, आणि ते गिऱ्हाइकाला सांगा. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक त्या पाटीसाठी गाडी थांबवील.

बारा डिसेंबर जवळ येईल तसा महाळुंगे पडवळच्या कार्यक्रमाची तयारी सुरू होईल. मंडप पडेल, पाहुणे येतील, भाषणांत स्वदेशीचा गजर होईल, दुपारी जेवणाची पंगत बसेल. ग्रामपंचायतीने त्या दिवसापुरता तरी पहिला ठराव आत्ताच करावा की पाण्याच्या बाटल्या नाहीत, थर्माकोल नाही, पत्रावळी पानांच्या, आणि उरलेले खरकटे फक्त शिक्क्याच्या कंपोस्टेबल पिशवीत. संध्याकाळी मांडव सुटल्यावर पालकमंत्र्यांपासून शाळेतल्या पोरांपर्यंत जे कुणी थांबतील त्यांनी त्या पिशव्या स्वतः उचलून गावच्या ढिगावर न्याव्यात. ढिगाशेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेली पाटी रोवावी, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात चाळणी घेऊन सगळ्यांनी तिथे पुन्हा जमावे.